पिढ्या कशा मोजाव्यात: वंशावळ, वर्षांचा अंदाज आणि कायद्यातली मोजणी

"आमचे घराणे बारा पिढ्यांपासून या गावात आहे, म्हणजे झाली तीनशे वर्षे." असा हिशेब कुलसंमेलनाच्या स्मरणिकेत हमखास सापडतो. त्यात निदान तीन चुका असतात. बारा माणसांमध्ये अंतरे अकराच असतात. पंचवीस हा आकडा कुठून आला हे कोणी सांगत नाही. आणि त्या बारा नावांत एखादी भावाभावांची जोडी बापलेक म्हणून बसलेली असू शकते. अशी मोजणी जात पडताळणीच्या वंशावळीत किंवा लग्न जुळवताना सपिंड नात्यासाठी (म्हणजे कायद्याने लग्नाला आड येणाऱ्या जवळच्या नात्यासाठी) वापरली की गोंधळ महागात पडतो.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. वर्षांचा अंदाज सगळ्यांना आधी हवा असतो, पण तो सहाव्या टप्प्यावर येतो.

## टप्पा १: कोणती पिढी मोजायची ते आधी लिहून ठेवा

पिढी म्हणताना लोक निदान पाच वेगळ्या गोष्टी मोजतात, आणि प्रत्येकीची सुरुवात वेगळ्या जागेवरून होते.

- वंशातली पिढी: आई-बाप आणि मूल यांच्यातले एक पाऊल. कुलवृत्तांतात मूळ पुरुषाला १ देऊन खाली मोजत येतात.
- हिंदू विवाह कायद्यातली पिढी: वर मोजत जायचे, पण स्वतःला पहिली पिढी धरून.
- श्राद्धातली पितृत्रयी: वडील, आजोबा, पणजोबा. इथे कर्ता स्वतः मोजणीत नसतो.
- समवयस्कांची पिढी: ठरावीक सालांत जन्मलेले सगळे. यात नात्याचा संबंध नाही.
- परंपरेतली पिढी: गुरू-शिष्य, गादी, पद. यात वयाचे अंतर काहीही असू शकते.

त्यामुळे आजोबा श्राद्धात दुसरे, विवाह कायद्यात तिसरे, आणि कुलवृत्तांतात कदाचित अकरावे. तिन्ही आकडे बरोबर आहेत. एकाची मोजणी दुसऱ्याच्या कागदावर उतरवली की चूक होते.

"सात पिढ्यांचा उद्धार" किंवा "बेचाळीस कुळे उद्धरली" हे बोलण्यातले आकडे आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी "सात पिढ्या" म्हटले तर ती नावे मोजूनच म्हणतायत का, हे विचारून घ्या. बहुतेकदा नसतात.

## टप्पा २: कागद गोळा करा, अलीकडून मागे

मूळ पुरुषापासून खाली यायचा मोह टाळा. मूळ पुरुषाचे नाव ठाऊक असते, पुढच्या तिघांची साखळी मात्र तुटलेली असते. सुरुवात स्वतःच्या जन्मदाखल्यापासून करा आणि एकेक पाऊल मागे जा. साधारण क्रम असा:

१. जन्म-मृत्यूचे दाखले.

२. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. आजोबांच्या पिढीपर्यंत हाच बहुधा सर्वांत उपयोगी कागद ठरतो.

३. सातबारा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वारस नोंदीचे जुने फेरफार (गाव नमुना ६). मयताचे नाव, वारसांची नावे आणि नाते एकाच जागी मिळते.

४. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. जुन्या नोंदी मोडीत असतात. अंदाजाने वाचू नका, मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या.

५. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. जाताना आडनाव, मूळ गाव आणि आजोबा-पणजोबांची नावे घेऊन जा. नुसत्या आडनावावर नोंद सापडणे कठीण.

६. छापील कुलवृत्तांत. हा शेवटी, कारण तो संकलन आहे, मूळ नोंद नाही.

प्रत्येक नावापुढे तीन रकाने ठेवा: जन्माचे साल, ते कुठून मिळाले, आणि वडिलांचे नाव त्याच कागदात आहे की नाही. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती कडी अजून जोडलेली नाही, असेच समजायचे.

सावधान: जन्मतारीख १ जून दिसली की थांबा. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की मास्तर १ जून लिहून टाकत. साल त्याच वेळी अंदाजाने लिहिलेले असते, त्यामुळे त्यात दोन-तीन वर्षांची सूट धरा.

सन बदलताना: शके सालात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. शके १७९५ च्या माघातली नोंद १८७४ सालची, १८७३ ची नाही. मराठेशाहीतल्या कागदांवरच्या शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवतात, मराठवाड्यातल्या निजामी कागदांवरच्या फसली सनात ५९० किंवा ५९१. फसलीला शके समजले की पाचशे वर्षांची उडी पडते. ती लगेच दिसते तरी. फसली आणि शुहूर यांची अदलाबदल मात्र नऊ वर्षांचाच फरक पाडते आणि तशीच खपून जाते.

## टप्पा ३: स्वतःला शून्य द्या

सगळ्या मोजण्या एकाच कागदावरून करायच्या तर एकच युक्ती पुरते. ज्याच्यापासून मोजायचे त्याला ०, आई-वडिलांना १, आजी-आजोबांना २, पणजोबांना ३, खापरपणजोबांना ४. आकडा हाच अंतरांची संख्या. मग गरजेप्रमाणे रूपांतर करा:

- वर्षांचा अंदाज काढायचा तर हाच आकडा वापरा.
- विवाह कायद्यासाठी त्यात १ मिळवा.
- पितृत्रयीसाठी १, २, ३ तसेच.
- "आम्ही कितवी पिढी" या प्रश्नासाठी मूळ पुरुषाच्या आकड्यात १ मिळवा.

पणजोबांच्या वर शब्दांवर विसंबू नका. खापरपणजोबा म्हणजे पणजोबांचे वडील, हे नेमके. पण कित्येक घरांत कुठल्याही जुन्या पूर्वजाला तोच शब्द लावतात. नावाशेजारी आकडा लिहा.

आईकडची साखळी वेगळ्या शाईने काढा. कुलवृत्तांतांत लेकींची नावे गाळलेली असतात आणि सुनांचे फक्त सासरचे नाव असते, म्हणून माहेरचे नाव व गाव विचारून लगेच नोंदवा. ही माहिती एका पिढीत पुसली जाते.

## टप्पा ४: खोट्या पिढ्या शोधा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. पेशव्यांची यादी यासाठी उत्तम सराव आहे, कारण साले ठाऊक आहेत आणि यादीत सगळे सापळे आहेत.

पेशवेपदावर १७१३ ते १८१८ या १०५ वर्षांत आठ जण आले: बाळाजी विश्वनाथ, पहिले बाजीराव, नानासाहेब, माधवराव, नारायणराव, रघुनाथराव, सवाई माधवराव, दुसरे बाजीराव. ही यादी वंशावळ म्हणून वाचली तर आठ पिढ्या होतात. प्रत्यक्षात पाचच आहेत:

१. बाळाजी विश्वनाथ

२. पहिले बाजीराव

३. नानासाहेब आणि रघुनाथराव (भाऊ)

४. माधवराव व नारायणराव (नानासाहेबांचे मुलगे), दुसरे बाजीराव (रघुनाथरावांचे)

५. सवाई माधवराव (नारायणरावांचे)

म्हणजे शेवटचा पेशवा त्याच्या आधीच्या पेशव्यापेक्षा एक पिढी वरचा. सवाई माधवरावांचा जन्म एप्रिल १७७४ चा, दुसऱ्या बाजीरावांचा जानेवारी १७७५ चा. वयाने नऊ महिन्यांनी लहान असूनही ते नात्याने चुलत काका लागतात. वयावरून पिढी ठरवू नये, याला याहून चांगला दाखला नाही.

या यादीतून घरच्या वंशावळीसाठी चार तपासण्या निघतात.

भाऊ एकाखाली एक आले आहेत का? पाटीलकी, कुलकर्ण, देवस्थानची पूजा अशा वतनांच्या नोंदीत एकामागून एक नावे असतात. ती धारकांची यादी असते. धारकांचा सरासरी काळ (पेशव्यांत १०५ भागिले ८, म्हणजे जेमतेम १३ वर्षे) पिढीच्या निम्म्याहूनही कमी भरतो. तुमच्या यादीत अंतर १३-१५ पडत असेल तर भाऊ बापलेक झाले आहेत, असे आधी समजा.

तेच नाव पुन्हा आले आहे का? आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने बाळाजी–बाजीराव–बाळाजी अशी साखळी होते. दोन बाळाजी एकच धरले की दोन पिढ्या गळतात. उपाय मराठी नावातच आहे: बाळाजी विश्वनाथ वेगळे, बाळाजी बाजीराव (म्हणजे नानासाहेब) वेगळे, पहिले बाजीराव बाळाजींचे, दुसरे रघुनाथांचे. वडिलांच्या नावाशिवाय एकही नाव जोडू नका.

दत्तक आहे का? वरच्या यादीतले नव्हेत, तर १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे (जन्म १८२४) यांना दुसऱ्या बाजीरावांनी १८२७ मध्ये दत्तक घेतले. सालांचे अंतर ४९. वारसाहक्काच्या वंशावळीत ही एक पिढी आहेच, पण सरासरी काढताना हे अंतर वगळायचे. भाऊबंदांतून घेतलेला दत्तक तर कधी पुतण्याच्या जागी चुलत नातू असतो. तेव्हा जन्माची पिढी आणि दत्तकाची पिढी दोन्ही आकडे लिहा.

पिढी गळली आहे का? लागोपाठ दोन अंतरे ४५ च्या वर गेली तर मधले नाव राहिले असण्याचा संशय घ्या. तरुणपणी वारलेला मुलगा आणि आजोबांच्या नावावरून थेट नातवाच्या नावावर गेलेली जमीन, ही गळती फेरफारातून अशीच होते.

तपासा: कुठल्याही दोन नातेवाइकांची पिढी ताडायची तर समान पूर्वजापासून दोघांची पावले मोजा. पहिल्या बाजीरावांपासून दुसरे बाजीराव दोन पावलांवर, सवाई माधवराव तीन. आकडे सारखे असले तरच एक पिढी.

## टप्पा ५: तुमच्या घराण्याचे अंतर काढा

इथे जवळजवळ सगळे थोरल्या मुलाचे साल घेतात. समजा, एका आजींचा जन्म १९३० चा आणि मुले १९५०, १९५३, १९५७, १९६०, १९६६ सालची. पहिल्या बाळंतपणाचे वय २०, म्हणून "त्या काळी पिढी वीस वर्षांची" असे म्हटले जाते. पाचही वयांची सरासरी काढा: २०, २३, २७, ३०, ३६, बेरीज १३६, सरासरी २७.२. आजोबा सहा वर्षांनी मोठे असतील तर त्यांच्या बाजूने ३३.२. कमी वयात लग्ने होत म्हणून पिढ्या आखूड, हा समज यामुळेच टिकून आहे. लग्ने लवकर होत, पण बाळंतपणेही चाळिशीपर्यंत चालत, आणि वंश कोणापासून पुढे जाईल हे थोरलेपणावर ठरत नसे.

म्हणून जिथे सगळ्या भावंडांची साले ठाऊक आहेत अशा दोन-तीन कुटुंबांत सर्व मुलांची सरासरी काढा. बालपणी गेलेली मुले ठाऊक असली तरी वेगळी ठेवा, त्यांच्याकडून साखळी पुढे जात नाही.

सरळ साखळीचे साल माहीत असेल तर काम सोपे: पहिल्या आणि शेवटच्या जन्मसालांची वजाबाकी भागिले अंतरे. पुन्हा पेशवे घ्या. बाळाजी विश्वनाथांचा जन्म १६६२ धरला तर सवाई माधवरावांपर्यंत १६६२, १७००, १७२०, १७५५, १७७४. अंतरे ३८, २०, ३५, १९, सरासरी २८. दुसऱ्या फांदीने १६६२, १७००, १७३४, १७७५. अंतरे ३८, ३४, ४१; सरासरी जवळपास ३८. एकच घर, तोच काळ, आणि दहा वर्षांचा फरक. धाकट्यांच्या फांदीत पिढ्या लांबतात, थोरल्यांच्या फांदीत आखडतात. तुमची फांदी कोणती, हे पाहिल्याशिवाय चुलत घराण्याचा आकडा उसना घेऊ नका.

## टप्पा ६: अंतरांची वर्षे करा

घरचा आकडा मिळाला नाही तर बाहेरचा घ्यावा लागतो. आइसलँडच्या जुन्या, पक्क्या वंशावळींवरून आईकडून आईकडे जाणारी पिढी सुमारे २९ वर्षांची आणि बापाकडून बापाकडे जाणारी सुमारे ३२ वर्षांची निघाली. जनुकीय बदलांवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गेल्या अडीच लाख वर्षांची सरासरी २६.९ आली, पुरुषांची ३०.७ आणि स्त्रियांची २३.२. व्यवहारासाठी बापाच्या साखळीला ३०, आईच्या साखळीला २६ ते २७, आणि मिश्र साखळीला २८ घ्या. वीस किंवा पंचवीस बापाच्या साखळीला जवळजवळ कधीच लागू पडत नाही.

आता सुरुवातीचे घराणे. समजा, आज मोजणाऱ्याचा जन्म १९९० चा आणि त्याच्यासह बारा नावे.

- अंतरे: १२ वजा १, म्हणजे ११.
- मधला अंदाज: ११ × ३० = ३३०. मूळ पुरुषाचा जन्म १६६० च्या सुमारास.
- हात राखून: ११ × २७ = २९७ आणि ११ × ३४ = ३७४. म्हणजे १६१६ ते १६९३.

मोजणी १९९० या जन्मसालापासून करायची, चालू सालापासून नाही. आणि निघालेले साल जन्माचे आहे. गावात येऊन वसण्याचे साल त्यात पंचवीस-तीस वर्षे मिळवून येईल.

एकेका अंतरात सरासरीपेक्षा आठेक वर्षे इकडे-तिकडे होतात असे धरले तर एकूण चूक अंतरांच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते. नऊ अंतरांना तीन पट, म्हणजे २४ वर्षे. त्यामुळे दोनच अंतरे असताना अंदाज काढू नका, कागद शोधा. आणि दहा अंतरांवरून "१६६३ साली" असे नेमके सालही लिहू नका.

कुलवृत्तांतात लिहायची रीत अशी ठेवा: "मूळ पुरुष, अंतरे ११, पैकी ५ कागदाने सिद्ध, ६ तोंडी माहितीवरून; जन्म अंदाजे १६१६–१६९३; अंतर २७ ते ३४ धरले." पुढच्या माणसाला एखादा फेरफार सापडला की त्याला हिशेब दुरुस्त करता येतो.

सावधान: जात पडताळणीच्या वंशावळ शपथपत्रात अंदाजाला जागा नाही. तिथे साल महत्त्वाचे असते ते मानीव दिनांकासाठी, म्हणजे ज्या तारखेच्या आधीचा पुरावा लागतो तिच्यासाठी: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीचा पुरावा ज्या पूर्वजाचा आहे तिथपर्यंतची प्रत्येक कडी कागदाने जोडा. त्याच्या वरची ऐकीव नावे शपथपत्रात घालू नका. एका चुकीच्या नावाने बरोबर असलेल्या नावांवरही शंका येते.

## टप्पा ७: लग्नासाठी सपिंड मोजणी

हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे सपिंड नाते वडिलांच्या बाजूने पाचव्या पिढीपर्यंत आणि आईच्या बाजूने तिसऱ्या पिढीपर्यंत जाते. दोन्ही मर्यादा धरून, आणि स्वतःला पहिली मोजून. आपल्या शून्याच्या पद्धतीत वडिलांकडून ४, आईकडून २.

१. समान पूर्वज शोधा.

२. मुलाकडून आणि मुलीकडून, दोन्ही बाजूंनी त्याचा आकडा काढा.

३. प्रत्येकाचे पहिले पाऊल वडिलांकडे जाते की आईकडे, ते पाहा. मर्यादा त्यावर ठरते.

४. पूर्वज दोघांच्याही मर्यादेत असेल तरच सपिंड.

दोघांचे पणजोबा वडिलांकडून एकच: ३ आणि ३, मर्यादा ४, सपिंड. दोघांच्या आया एकमेकींच्या चुलत बहिणी: समान पूर्वज ३ वर, मर्यादा २, सपिंड नाही. मामाची मुलगी: मुलाकडून आईवाटे २, मुलीकडून वडिलांवाटे २, म्हणजे सपिंड, शिवाय भाऊ-बहिणीची मुले निषिद्ध नात्यांत वेगळीही येतात. तरीही असे विवाह होतात, कारण दोन्ही पक्षांची तशी रूढी असेल तर कायदा ते मान्य करतो. रूढी एकाच बाजूची असून चालत नाही, आणि वाद झाला तर ती सिद्ध करावी लागते.

इथली नेहमीची चूक म्हणजे पाच पावले वर जाणे. स्वतःला मोजायचे विसरले की खापरपणजोबांच्या वडिलांपर्यंत पोचता आणि नसलेले सपिंड नाते काढून चांगले स्थळ मोडता. सावत्र आणि दत्तक नातीही यात धरतात, ती वगळू नका.

## टप्पा ८: घराण्याबाहेरच्या पिढ्या

यांना थोडक्यात. गुरू-शिष्यांची साखळी वर्षांत बदलू नका. गायकांची ही साखळी जन्मसालांसह पाहा: अब्दुल करीम खाँ (१८७२), सवाई गंधर्व (१८८६), भीमसेन जोशी (१९२२): अंतरे १४ आणि ३६. सरासरीला काही अर्थ नाही.

मिलेनियल (१९८१–१९९६), झेड (१९९७–२०१२) या पट्ट्या अमेरिकेतल्या प्यू संस्थेने संशोधनासाठी आखलेल्या आहेत, प्रत्येकी सोळा वर्षांच्या. बाप १९६८ चा आणि मुलगी १९९९ ची असेल तर मध्ये एक अख्खी पट्टी सुटते, वंशात मात्र एकच पाऊल. दोन्ही एका तक्त्यात घेऊ नका.

परदेशी स्थायिक कुटुंबांनी पहिली पिढी कोणाला म्हणायचे ते तक्त्याच्या डोक्यावर लिहावे. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या लेखी पहिली पिढी म्हणजे स्वतः परदेशात जन्मलेले. तिथे जन्मलेली, पण आई-वडिलांपैकी निदान एक जण परदेशात जन्मलेला असलेली मुले दुसरी. घरी बोलताना मात्र "इथली पहिली पिढी" म्हणून त्या मुलांनाच धरतात. मॉरिशसमधल्या मराठी घरांत हीच एकाची तफावत पुढच्या पाच-सहा पिढ्यांत उतरते. तिथे जहाजावरून उतरलेल्या माणसाला १ द्या. आगमनाच्या नोंदीत त्याचे नाव, वय आणि साल सापडले तर जन्मसालही निघते, आणि मग टप्पा पाचची वजाबाकी सरळ करता येते.